गुलेरच्या चितेऱ्यांचं घर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमृतसरच्या जुन्या मालाच्या बाजारात काही चित्रं विकायला येत. जर्द पिवळी नाहीतर रक्तासारखी लाल पार्श्वभूमी, अंगावर येणारे रंग, कानापर्यंत ताणलेले टपोरे डोळे आणि दागिन्यांतल्या पाचूच्या जागी खरोखरच चमचमणारं काहीतरी हिरवं. व्यापारी त्यांना ‘तिबती’ म्हणत. तिबेटशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ती आली होती जम्मूजवळच्या बसोहली या छोट्या संस्थानातून, आणि ते हिरवं म्हणजे भुंग्याच्या कठीण पंखांचे कापून चिकटवलेले तुकडे होते. पण व्यापाऱ्याला मालाचं गाव सांगावंच लागतं. ठाऊक नसलं की जे नाव लांबचं आणि गूढ वाटेल ते खपतं.

विद्वानांनी पुढे केलं तेही फारसं वेगळं नव्हतं. त्यांची नावं तेवढी बरोबर होती. आनंद कुमारस्वामींनी 1916 मध्ये ‘राजपूत पेंटिंग’ हा ग्रंथ काढला आणि मोगल दरबाराची म्हणून खपत आलेली कितीतरी चित्रं राजपुतान्याची आणि पंजाबच्या डोंगराळ मुलखाची आहेत हे दाखवून दिलं. डोंगरातल्या चित्रांची त्यांनी जम्मू आणि कांगडा अशी वाटणी केली. मग या मुलखातल्या एकेका संस्थानाच्या नावाने एकेक शैली उभी राहिली: बसोहली, गुलेर, कांगडा, चंबा, नूरपूर, मंडी, जसरोटा. पुस्तकांत नकाशे आले, नकाशांत सीमा आल्या. प्रत्येक राजाच्या पदरी एक शैली असते आणि राजा बदलला की ती बदलते, असं गृहीत धरलं गेलं. चित्रकार? त्यांच्याबद्दल बोलायला कोणाकडे काही नव्हतं. भारतीय कलाकार अनाम असतो, तो स्वतःला विसरून देवासाठी राबतो, असं एक ऐकायला गोड उत्तर तयार होतं. कुमारस्वामींच्याच लिखाणातून ते पसरलं आणि पन्नास वर्षं पुरलं.

1905 च्या 4 एप्रिलला कांगड्यात भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसं गेली, किल्ला ढासळला, घरं आणि देवळं जमीनदोस्त झाली. चितेऱ्यांची घरंही त्या खोऱ्यातच होती. ज्यांना काही विचारता आलं असतं अशी माणसं, त्यांचे कागद, त्यांचे खाके, यांतलं किती मातीखाली गेलं याचा हिशेब कोणी ठेवला नाही. चित्रं उरली ती मुख्यतः राजवाड्यांच्या बासनांत.

या सगळ्या गोंधळाची गाठ एका श्लोकात होती. 1926 साली एन. सी. मेहता यांनी मुंबईत छापलेल्या आपल्या पुस्तकात टिहरी-गढवालच्या दरबाराकडे असलेली गीतगोविंदाची चित्रमाला प्रसिद्ध केली. यमुनेचा काठ, मऊ हिरवळ, फुललेल्या वेली आणि त्यांत बुडून गेलेले राधाकृष्ण. कांगडा म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते सगळं तिथे होतं. शेवटी एक संस्कृत श्लोक होता. त्यात साल शब्दांतून सांगितलं होतं, आपल्या पोथ्यांत सांगतात तसंच: मुनी सात, वसू आठ, गिरी सात, सोम एक, उलटं वाचायचं, म्हणजे विक्रम संवत 1787. इसवी सन 1730. श्लोकात माणकू असं एक नाव होतं आणि मालिनी असंही.

यावर विद्वानांची जी जुंपली ती वाचताना आज हसू येतं, पण त्यांचा दोष नव्हता. माणकू बाई की पुरुष? चित्रं काढणारी की काढवून घेणारी? मालिनी ही राणी की नुसतं वृत्ताचं नाव? आणि त्याहून मोठी अडचण: कांगड्याची ही नाजूक शैली 1730 मध्ये होती कुठे? ती तर राजा संसारचंदाच्या काळातली, आणि संसारचंदाचा जन्म 1765 चा. त्यातच लक्षात आलं की हाच श्लोक, शब्दाला शब्द, दुसऱ्या एका गीतगोविंदाच्या मालेलाही आहे. ती माला लाहोरच्या संग्रहालयात होती. फाळणीनंतर तिची पानं लाहोर आणि भारत अशी वाटली गेली. पण तिची चित्रं पाहिली तर ती टिहरीच्या चित्रांची सख्खी सोडा, चुलत बहीणही वाटत नाहीत. सपाट, तापलेल्या रंगांच्या पट्ट्या, वर गोल चढवलेलं क्षितिज, झाडं एकेकटी खेळण्यातल्यासारखी रोवलेली. तज्ज्ञांच्या भाषेत ही बसोहली, ती कांगडा. दोन संस्थानं, दोन शैली, मध्ये चाळीसेक वर्षं आणि दोन्हींच्या पायाशी एकच माणकू.

या वादात मुंबईचाही आवाज होता. कार्ल खंडालावाला पेशाने वकील. त्यांचा ‘पहाडी मिनिएचर पेंटिंग’ हा जाडजूड ग्रंथ 1958 मध्ये मुंबईतून निघाला. समोर लंडनमध्ये डब्ल्यू. जी. आर्चर, बिहारात सनदी नोकरी करून परतलेले आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय विभाग सांभाळणारे. दोघांचा अभ्यास दांडगा, दोघेही हट्टी. खंडालावालांच्या पानापानांत वकिली आहे: पुरावा मांडायचा, प्रतिपक्षाची साक्ष फोडायची. मात्र कोर्ट कोणतं, याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. चित्र कोणत्या दरबारचं, हाच खटला.

खटल्याचं कोर्टच बदललं ते एका तरुण प्राध्यापकाने. ब्रिजिंदर नाथ गोस्वामी 1933 मध्ये सरगोध्याला जन्मले, आयएएसमध्ये निवडले गेले आणि दोन वर्षांत राजीनामा देऊन चंदीगडला पंजाब विद्यापीठात संशोधनाला बसले. विषय कांगड्याची चित्रं आणि त्यांच्यामागचा समाज. म्हणजे मुळात इतिहासाचा विद्यार्थी. चित्राकडे बघून हे कुठलं, असं विचारण्याऐवजी त्यांनी इतिहासकाराला सुचेल असा प्रश्न विचारला: ही माणसं कागदोपत्री कुठे सापडतील?

राजाच्या दफ्तरात चितेऱ्याची नोंद सापडली तर नशीब. पण घरात कोणी मेलं की डोंगरातला माणूस अस्थी घेऊन हरिद्वारला उतरतो, आणि तिथे त्याचा पंडा बसलेला असतो. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या नाहीतर नाशिकच्या उपाध्यायांकडे नामावळी असते. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं की ते पणजोबा कधी येऊन गेले ते काढून दाखवतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या तशाच. लांबट, कापडात बांधलेल्या, मुलूख आणि जात यांप्रमाणे लावलेल्या. आलेला यजमान स्वतःच्या हाताने, नाही तर पंड्याकरवी, आपलं नाव, बापाचं, आजाचं, गावाचं नाव, तिथी आणि कोणाच्या क्रियेसाठी आलो ते लिहून जातो. राजा येतो, सुतार येतो, चितेरा येतो. लिपी डोंगरातली टाकरी. ती वाचणारे आधीच थोडे. गोस्वामी या बह्यांत चितेऱ्यांच्या कुळांचा माग काढत बसले. त्याला जोड दिली ब्रिटिशांनी केलेल्या कांगड्याच्या जमीनबंदोबस्ताच्या कागदांची. त्यांत कोणाच्या नावे किती जमीन, ती कोणाकडून मिळाली आणि कुटुंबाची वंशावळ असं सगळं नोंदलेलं असतं. साहेबाला शेतसारा हवा होता. त्यातून चित्रकारांचे खापरपणजोबा हाती लागले.

बह्यांतून एक घर पुढे आलं. गाव गुलेर, जात तरखान-चितेरा, म्हणजे सुतारकीतून चित्रांकडे वळलेली. बाप पंडित सेऊ. मुलगे दोन: थोरला माणकू, धाकटा नैनसुख. माणकूची 1736 सालची नोंद आहे: सेऊचा मुलगा, राहणार गुलेर. विद्वानांची तीस-चाळीस वर्षं खाणारा माणकू हा मिशीवाला सुतार-चितेरा निघाला. माणकूचे मुलगे फत्तू आणि खुशाला. नैनसुखचे कामा, गौधू, निक्का आणि रांझा. त्यांचीही पुढची पिढी. नुसती नावं नव्हेत, तर कोण कुठे राहिला, कोणाला कोणत्या राजाने जमीन दिली, हेही मागोमाग उलगडलं. 1968 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ या त्रैमासिकात गोस्वामींचा लेख आला. मुद्दा मथळ्यातच होता: शैलीचा आधार घराणं. राज्य नव्हे.

मुद्दा दिसतो साधा, पण त्याने नकाशाच उलथला. एकाच घरातला एक भाऊ गुलेरला, एक जसरोट्याला, मुलगे बसोहलीला, कांगड्याला, चंब्याला असतील, तर त्यांची चित्रं त्या त्या संस्थानच्या नावाने वेगवेगळी कशी लावायची? आणि एकाच माणकूच्या श्लोकाखाली दोन तऱ्हेची चित्रं का, याचंही उत्तर सरळ झालं. 1730 ची ती सपाट, तापलेली माला माणकूची स्वतःची. चाळीस-पन्नास वर्षांनी पुतण्या-मुलांच्या पिढीने गीतगोविंद पुन्हा रंगवायला घेतला तेव्हा घरातल्या जुन्या मालेबरोबर तिचा श्लोकही उतरवून घेतला असावा. मला तरी हेच सर्वांत पटतं. ती दुसरी माला टिहरीला पोचली कशी, ही कथा वेगळीच. संसारचंदाचा मुलगा अनिरुद्धचंद याच्याकडे रणजितसिंहाने आपल्या वजिराच्या, ध्यानसिंहाच्या मुलासाठी त्याची बहीण मागितली. संसारचंदाच्या कटोच राजपूत घराण्याला हे स्थळ कमीपणाचं. अनिरुद्धचंद राज्य सोडून सतलजपार पळाला आणि दोन्ही बहिणी गढवालच्या राजा सुदर्शनशहाला दिल्या. हुंड्यात चित्रांची बासनं गेली असं मानतात. म्हणजे ‘टिहरी-गढवाल’ हा त्या चित्रांचा पत्ता आहे तो सासरचा.

माणकूचा हात कसा होता ते पाहायचं तर लंकेच्या वेढ्याची माला पाहावी. 1725 च्या आसपासची. पानं केवढी, तर सुमारे दोन फूट उंच आणि पावणेतीन फूट रुंद. मांडीवर घेऊन बघायच्या चित्रांच्या मानाने हे प्रकरण अवाढव्यच. मागच्या बाजूला रामायणातले संस्कृत श्लोक. ही माला पुरी झालीच नाही, आणि आपल्या दृष्टीने ते फार बरं झालं. सुरुवातीची पानं पूर्ण रंगवलेली आहेत. पुढे काहींत लंकेचा सोन्याचा कोट भरला आहे पण वानरसेना कोरीच. त्यापुढे नुसत्या रेघा. चित्र तयार होताना कोणत्या टप्प्यातून जातं हे एरवी वरच्या रंगाखाली झाकलं जातं; इथे कारखान्याचं दार उघडं राहिलं आहे.

त्या दारातून आत डोकावलं तर पहिलं दिसतं ते कागदाचं काम. हाताने केलेल्या कागदाचे तीन-चार ताव पिठाच्या खळीने एकावर एक चिकटवतात. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद. याला वसली म्हणतात. वाळली की ती अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायची. मग गेरूने किंवा फिकट काळ्या शाईने कच्चा आराखडा. त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, खालची रेघ जेमतेम दिसेल इतका. त्या पांढऱ्यातून दिसणाऱ्या रेघेवर आता पक्की रेघ ओढायची. चुकलेलं इथे सुधारतं. लंकेच्या अपुऱ्या पानांवर हात दोनदा कुठे बदलला, कोपर कुठे सरकलं, ते अजून वाचता येतं. मग सपाट रंग भरायचे. एक थर द्यायचा, कागद पालथा घालून मागून घोटायचा, पुन्हा थर. घोटल्याने रंगाचे कण एकमेकांत दबून बसतात आणि मीनाकारीची चकाकी येते. शेवटी खुलाई: डोळे, बोटं, दागिने, कपड्याची किनार. चित्राचा जीव इथे असतो आणि घरातला कर्ता हे काम स्वतःकडे ठेवतो. रंग भरायला पोरं असतात.

रंग म्हणजे निम्मं वैद्याचं दुकान. हिंगूळ, शेंदूर, गेरू, नीळ, काजळी. पोथीतल्या चुकांवर फासतात ती हरताळ. तांब्यावर आंबवून काढलेला हिरवा जंगाल, जो काही वर्षांनी कागदच खाऊन टाकतो. आंब्याची पानं खाऊ घातलेल्या गाईंच्या मुतापासून मुंगेरकडे करत ती पिवळीधमक पेवरी. सगळ्यांत बाभळीचा नाही तर धावड्याचा डिंक. कमी पडला तर रंग पुसला जातो, जास्त झाला तर तडकतो. सोन्याचा वर्ख खलून शेवटी. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. ‘एका केसाचा कुंचला’ ही दंतकथा आहे. एका केसाला रंग धरवत नाही. केसांचा झुपका भरपूर असतो, टोक मात्र एका केसावर उतरतं.

याच साधनांनी माणकूने भागवताच्या मालेत एक चित्र काढलं, 1740 च्या सुमारास. आज ते वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. हिरण्यगर्भ. सृष्टी अजून व्हायची आहे. माणूस नाही, देव नाही, झाड नाही. काळ्या-करड्या पाण्याची वलयं, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर असतात तशी एकात एक फिरणारी, आणि त्यांत आडवं तरंगणारं सोन्याचं अंडं. तेवढंच. पहाडी चित्रं म्हणजे कमळं, मोर आणि विरहिणी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा पाहावं. माणकू आयुष्यभर ग्रंथच चितारत राहिला: रामायण, गीतगोविंद, भागवत. समोरच्या जगाकडे त्याने फारसं लक्ष दिलं नाही. त्याला गरजही नव्हती.

धाकट्याचं सगळं उलटं. नैनसुखचा जन्म 1710 च्या सुमारास. मोगल दरबारच्या चित्रांची त्याला चांगली ओळख होती हे त्याच्या रेघेत दिसतं. मंद रंग, मोकळी सोडलेली जमीन, एका बाजूने पाहिलेल्या चेहऱ्यातली हुबेहूब ओळख. पूर्वी यावर एक सोपी गोष्ट सांगत: 1739 मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, तिथले चित्रकार डोंगरात पळाले आणि त्यांनी पहाडी कलम सुधारली. बह्यांनी ती गोष्ट लंगडी केली. बाहेरून आलेलं हवं होतं ते या घराने घेतलं, पण घर इथलंच होतं आणि काम नादिरशहाच्या आधीच बदलू लागलं होतं. त्याच सुमारास नैनसुखने तुतारीवाल्यांचा एक ताफा चितारला. सात वाजंत्री, तोंडाला लांबलचक तुताऱ्या. पार्श्वभूमी कोरी. प्रत्येकाचे गाल फुगलेले, पण कोणाचा फुगा दुसऱ्यासारखा नाही. म्हातारा कुठला, नवशिका कुठला, दमलेला कुठला हे गालांवरून कळतं. थोरल्या भावाने असा माणूस कधी काढला नसता.

1740 च्या सुमारास नैनसुख जसरोट्याला गेला आणि तिथे त्याला बलवंतसिंह भेटला. राजा म्हणायचा तो मानाने. मुलूख लहान, सत्ता बेताची. हा बलवंतसिंह नक्की कोण यावरही वाद झाला. आर्चर त्याला जम्मूच्या घराण्यातला समजत. नंतर तो जसरोट्याचा हे मान्य झालं. त्याने कोणती लढाई मारली, कोणता तह केला, हे इतिहासाला ठाऊक नाही. तो दाढी कशी कातरून घेई हे मात्र ठाऊक आहे.

कारण नैनसुखने ते काढून ठेवलं आहे. वीसेक वर्षं तो या माणसाच्या मागे सावलीसारखा होता. बलवंतसिंह तंबूत बसून पत्र लिहितोय. घोडा पारखतोय. बांधकामावर देखरेख करतोय. गाणं ऐकतोय, पूजा करतोय, नावेतून फिरतोय. आजारी आहे, रजई लपेटून शेकोटीपुढे बसलाय, अंगात राजेपणाचा लवलेश नाही. हिंदुस्थानात राजांची चित्रं हजारोंनी निघाली. तेजोवलय, गुलाबाचं फूल हातात, ससाणा मनगटावर. अशा अवस्थेत स्वतःला काढू देणारा राजा दुसरा दाखवणं अवघड आहे. झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयातल्या एका चित्रात बलवंतसिंह हुक्का ओढत हातातलं चित्र निरखतोय, आणि मागे हात जोडून थोडा वाकलेला माणूस म्हणजे नैनसुख स्वतः. नमस्कार नोकराचा आहे, नजर मात्र धन्याला चित्र आवडलं की नाही याचा अंदाज घेणारी. अनाम कलावंताची कथा सांगणाऱ्यांसमोर हे चित्र ठेवावं. नैनसुखने तरुणपणी स्वतःचंही चित्र काढलं होतं, पाटी मांडीवर आणि हातात कुंचला घेतलेलं. सही करत नव्हते म्हणून त्यांना ‘मी’ नव्हता असं नाही. ज्याला ओळखायचं तो दरबारात हजरच होता. सही कोणासाठी करायची?

1763 मध्ये बलवंतसिंह वारला, वय चाळिशीच्या आत. अस्थी घेऊन हरिद्वारला जाणाऱ्यांत नैनसुख होता. वाटेतल्या मुक्कामाचं, अस्थींच्या पात्राचं चित्र त्याने काढलं. हरिद्वारला पोचल्यावर पंड्याच्या बहीत रीतीप्रमाणे आपली आणि आपल्या कुळाची नोंद केली, टाकरीत, स्वतःच्या अक्षरात. आणि नोंदीपाशी शंकराचं एक रेखाचित्रही काढलं. पंड्याच्या चोपड्यांत असंख्य माणसांच्या अक्षरांमध्ये ते पान दोनशे वर्षं पडून राहिलं. चित्रांच्या बाजारात त्याला काय भाव आला असता याची पंड्याला कल्पना नव्हती, हे आपलं भाग्य.

पुढे नैनसुख बसोहलीच्या राजा अमृतपालाकडे गेला. तिथे तो पहिल्यासारखा राहिला नाही. अमृतपाल धार्मिक वृत्तीचा. त्याला समोरचा माणूस नको, ग्रंथ हवे होते. नैनसुख पुन्हा काव्याकडे वळला, आणि जी नजर वीस वर्षं एका माणसाच्या दाढीत आणि रजईत मुरली होती ती राधाकृष्णांकडे लागली. माणकूचे ग्रंथ आणि नैनसुखचं निरीक्षण यांची पुढच्या पिढीत जी सांगड बसली, तिलाच आज आपण कांगडा म्हणतो. 1778 मध्ये नैनसुख गेला. संसारचंद तेव्हा पोरगा होता. नुकताच गादीवर आलेला.

तो मोठा झाला, कांगड्याचा किल्ला मिळवला, भोवतालच्या राजांना नमवलं, आणि फत्तू, खुशाला, गौधू यांच्या पिढीला मोठा आश्रयदाता मिळाला. भागवत, गीतगोविंद, बिहारीची सतसई अशा माला एकामागून एक निघाल्या. संसारचंदाच्या वैभवावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे आवरतो. 1806 पासून गुरख्यांनी कांगड्याला वेढा घातला, 1809 मध्ये रणजितसिंहाने मदतीचं मोल म्हणून किल्लाच घेतला. 1820 मध्ये इंग्रज प्रवासी विल्यम मूरक्रॉफ्ट तिथे गेला तेव्हा संसारचंद मांडलिक झालेला होता, पण चित्रांचा नाद सुटलेला नव्हता आणि पदरी चित्रकार होते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तीन वर्षांनी संसारचंद वारला.

आता या सगळ्याची एक दुसरी बाजू. एकदा घर सापडलं की जे चांगलं दिसेल ते त्याच घराचं म्हणण्याचा मोह होतो, आणि तो मोह गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळांना आवरलेला नाही. बाजारात तर नैनसुख हे नाव लागलं की किमतीला पंख फुटतात. पण डोंगरात दुसरीही घरं होती. नूरपूरच्या देवीदासाने 1695 मध्ये बसोहलीच्या राजा कृपालपालासाठी रसमंजरी चितारली, तेव्हा सेऊची मुलं जन्मलीही नव्हती. कांगड्यात संसारचंदाकडे पुरखू होता. सजनूने 1810 मध्ये मंडीच्या राजाला हम्मीराच्या हट्टाची चित्रमाला नजर केली. बसोहलीची ती भुंग्यांचे पंख चिकटवलेली पहिली रसमंजरी कोणाच्या हातची, यावर अजून एकमत नाही. गोस्वामींनी स्वतः, स्वित्झर्लंडच्या एबरहार्ड फिशर यांच्याबरोबर, या इतर घराण्यांवरही काम केलं. सेऊच्या वंशजांच्या जमिनी कांगड्याच्या खेड्यांत राहिल्या. एकोणिसाव्या शतकात काही शीख सरदारांकडे गेले, काहींनी देवळांच्या भिंती रंगवल्या, काही वडिलोपार्जित सुतारकीवर परतले. छापील तसबिरी आल्यावर चितेऱ्याला काम कोण देणार?

गोस्वामी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये वारले. खंडालावालांचा संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आला आहे. पहाडी चित्रं तिथे जाऊन पाहता येतात. आणि ज्या मालेपासून सगळी भांडणं सुरू झाली, ती टिहरीला हुंड्यात गेलेली? तिची पानं आज जगभर विखुरलेली आहेत. फत्तूने केली, खुशालाने केली की गौधूने, यावर अभ्यासक अजून तिघांत घुटमळतात. तेव्हा अनेक संग्रहालयांत पाट्यांवर चित्रकाराच्या नावाच्या जागी एवढंच छापलेलं असतं: नैनसुख आणि माणकू यांच्यानंतरची पहिली पिढी.